थैलीतील चेंडू

गणिताच्या पुस्तकांतून एक निराळीच सृष्टी वसलेली असते, आणि तिच्यातील रहिवासी प्रत्यक्षात कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही. तेथे हौद दोन नळांनी भरत असतो आणि त्याच वेळी तिसऱ्या नळाने रिकामा होत असतो. पण तो तिसरा नळ बंद करावा असे कोणाच्याही मनात येत नाही. तेथील बाप आपले वय सरळ न सांगता मुलाच्या वयाच्या पटीत सांगतो. तेथील गवळी दुधात पाणी घालतो खरा, परंतु किती घातले ते प्रामाणिकपणे सांगून टाकतो. आम्ही शाळेत होतो तेव्हा ही सृष्टी एवढ्यावर संपत असे. पुढे तिला एका नव्या प्रांताची जोड मिळाली. ह्या प्रांतात ज्याच्या त्याच्या हाती एक थैली असते. थैलीत तांबडे, निळे आणि पांढरे चेंडू असतात. आणि कोणी एक इसम आत न पाहता त्यांतील एक चेंडू बाहेर काढतो. तो का काढतो, काढून त्याचे पुढे काय करतो, हे शेवटपर्यंत कळत नाही. चेंडू तांबडा असण्याची संभाव्यता किती, एवढेच आपणांस विचारण्यात येते. महाराष्ट्रातील दहावीच्या गणितात ह्या विषयाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातील सरावाची उदाहरणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आम्ही घुग्घुसास राहतो. चंद्रपूर जिल्ह्यातील हे गाव वर्धा नदीच्या काठी आहे. पलीकडे यवतमाळ जिल्हा आणि वणीचा मुलूख, अलीकडे कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, लोखंडाचा कारखाना, आणि ह्या सर्वांवर समदृष्टीने बसणारी काळी-करडी धूळ. दोरीवर वाळत घातलेले पांढरे धोतर संध्याकाळपर्यंत पांढरे राहण्याची संभाव्यता काढण्यास येथे पुस्तक लागत नाही. अशा गावी आमच्या ओसरीवर दहावीची चार-सहा मुले दिवेलागणीस वह्या घेऊन जमतात. बहुतेकांचे वडील खाणीत किंवा कारखान्यात. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या हिंदी, एखाद्याच्या घरी गोंडी. परंतु थैलीतील चेंडू सर्वांस सारखेच परके.

असल्या निर्जीव उदाहरणांनी मुलांच्या पदरी काय पडणार, असे पालक आम्हांस विचारतात. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. तथापि मल्लखांब हा देखील काही प्रतिस्पर्धी नव्हे. तो उलटून मारीत नाही, पळत नाही, डाव टाकीत नाही. गुळगुळीत लाकडाचा एक खांब नुसता उभा असतो, आणि म्हणूनच त्याच्यावर पकड शिकता येते. थैली आणि चेंडू ही गणितातील तालीम आहे. एवढेच की, तालमीतून बाहेर कधी पडावयाचेच नाही असे ठरविले म्हणजे मग पालकांची तक्रार खरी ठरते.

पहिली पकड नाण्यांची. दोन नाणी एकदम फेकली असता निदान एक छापा पडण्याची संभाव्यता किती? वर्गातील हुशार मुलगा क्षणाचाही विलंब न लावता सांगतो: दोन्ही छापे, दोन्ही काटे, किंवा एक छापा व एक काटा, अशा तीन गोष्टी संभवतात, त्यांतील दोन आपल्या उपयोगाच्या, म्हणून उत्तर २/३. हे उत्तर चूक आहे, परंतु ते देणाऱ्यास कमी लेखू नये. फ्रान्समधील थोर गणिती दालांबेर ह्याने १७५४ साली तेथील सुप्रसिद्ध विश्वकोशात जवळजवळ हेच उत्तर छापून प्रसिद्ध केले. त्याची विचारसरणी अशी, की पहिल्याच फेकीस छापा पडला तर खेळ संपला. म्हणून छापा, काट्यानंतर छापा, आणि काट्यानंतर काटा अशा तीनच शक्यता. त्या तिन्ही सारख्या वजनाच्या आहेत की नाहीत हे पाहावयाचे राहून गेले. आम्ही मुलांस एक रुपयाचे व एक पाच रुपयांचे नाणे देतो. नाणी निरनिराळी असली म्हणजे रुपयावर छापा व पाचावर काटा ही एक गोष्ट, आणि रुपयावर काटा व पाचावर छापा ही दुसरी, हे डोळ्यांस दिसते. मग शंभर फेकी करावयाच्या, प्रत्येकीची रेघ ओढावयाची. मिश्र जोडीपुढील रेघा इतरांच्या दुपटीच्या आसपास जाऊ लागतात तेव्हा मुले आपण होऊन म्हणतात, की शक्यता चार आहेत आणि उत्तर ३/४ आहे. तीन फाशांची गोष्ट अशीच. बेरीज नऊ येण्याच्या जुळण्या सहा, दहा येण्याच्याही सहाच. तरी जुगाऱ्यांस दहा अधिक वेळा पडताना दिसे, आणि हे कोडे गॅलिलिओपुढे आले. त्याने २१६ प्रकार मोजले आणि नवाचे २५ व दहाचे २७ भरतात हे दाखविले. २१६ मध्ये दोनांचा फरक! तो ज्यांच्या नजरेने हेरला त्या जुगाऱ्यांच्या चिकाटीचे आम्हांस गणितापेक्षाही नवल वाटते.

मोजणीची ही कला आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत अंकपाश म्हणून एक प्रकरण आहे. दहा हातांतील दहा आयुधे अदलाबदल करून धरली तर शंभूच्या मूर्तीचे किती भेद होतील, असा त्यात प्रश्न आहे, आणि उत्तर ३६,२८,८०० असे येते. मोजणी एवढी पुढे गेली होती. परंतु ह्या भेदांपैकी अमुक एक भेद सहजगत्या समोर येण्याचा संभव किती, हा प्रश्न तेथे नाही. तो पडावयास १६५४ साल उजाडावे लागले, आणि तोही पास्कल व फर्मा ह्यांच्यातील पत्रांत, अर्धवट मोडलेल्या जुगाराच्या डावातील पैसे कसे वाटावे ह्या निमित्ताने.

आता पुन्हा थैलीकडे. थैलीत तीन तांबडे आणि दोन निळे चेंडू आहेत. एकामागून एक दोन काढले. दोन्ही तांबडे असण्याची संभाव्यता किती? पहिला चेंडू परत ठेवून दुसरा काढला तर ९/२५. परत न ठेवता काढला तर ३/१०. सारा फरक ‘परत न ठेवता’ ह्या तीन शब्दांत आहे, आणि मुले गुण गमावतात ती बहुधा येथे. गुणाकारात नव्हे, वाचण्यात. आमच्या मते संभाव्यतेचे उदाहरण हे अर्धे भाषेचे उदाहरण असते. ‘निदान एक’, ‘फक्त एक’, ‘एकही नाही’ ह्यांतील भेद ज्यास मराठीत कळला त्याचे गणित निम्मे सुटले. त्यातच ‘यादृच्छिक’ हा भारदस्त शब्द मुलांच्या वाटेत येऊन बसतो. शब्द मोठा सुरेख आहे. परंतु यदृच्छा म्हणजे मनास येईल तसे, असा अर्थ मुले करतात आणि मनास येईल तो चेंडू काढू पाहतात. मनास येईल तसे काढणे म्हणजे यादृच्छिक नव्हे. मन हे फार पक्षपाती आहे. त्याला आडकाठी करण्यासाठीच तर डोळे मिटावयाचे आणि थैली हलवावयाची.

हे समजावून देण्यास घुग्घुसासारखे गाव नाही, कारण येथे ती थैली खरीच आहे. फक्त ती मालगाडीच्या वाघिणीएवढी आहे. (वाघीण ह्या शब्दास आमच्या जिल्ह्यात दोन अर्थ आहेत, पुढे त्या दुसरीचाही उल्लेख येईल.) कोळसा विकला जातो तो प्रतीवर. २०१२ पासून आपल्या देशात दगडी कोळशाची प्रत त्याच्यातून निघणाऱ्या उष्णतेवरून ठरविण्यात येते, आणि अशा सतरा प्रती आहेत. आता सबंध वाघीण जाळून पाहता येत नाही. तेव्हा तिच्यातून थोडा कोळसा काढावयाचा, तो फोडून बारीक करावयाचा, त्याचा ढीग करून चार भाग पाडावयाचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यावयाचे, उरलेल्यांचा पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग; असे करीत करीत मूठभर भुकटी उरते आणि तिच्यावर साऱ्या गाडीचा भाव ठरतो. सारी मेख पहिल्या पायरीत आहे. कोळसा ओतला म्हणजे मोठी ढेकळे घरंगळत कडेला जातात आणि चुरा मध्ये राहतो. थरातून आलेला दगड कोठे बसेल ते सांगवत नाही. वरवरचा हाताशी आलेला कोळसा जो उचलील तो थैली न हलविता चेंडू काढतो. विकणाऱ्याच्या माणसाचा हात जेथे सहज जाईल तेथे घेणाऱ्याच्या माणसाचा जाणार नाही, आणि दोघेही आपण सहजच उचलले असे शपथेवर सांगतील! ज्यांचे वडील ह्याच कामावर आहेत अशी दोन मुले आमच्याकडे येतात. त्यांनी ही हकीकत सांगितल्यापासून थैलीस कोणी हसत नाही.

जन्मदिवसाचे उदाहरण मुलांस सर्वांत प्रिय. तेवीस माणसे एकत्र जमली असता त्यांतील कोणा तरी दोघांचा जन्मदिवस एकच असण्याची संभाव्यता निम्म्याहून किंचित अधिक असते. चाळीस जमली तर ती नव्वद टक्क्यांच्या घरात जाते. वर्षाचे दिवस ३६५ आणि माणसे अवघी तेवीस, हे ऐकून मोठी माणसेही मान हलवितात. त्यांस वाटते आपल्याशी कोणाचा तरी दिवस जुळावयाचा आहे; प्रत्यक्षात तेवीस जणांच्या जोड्या २५३ होतात, आणि त्यांतील कोणतीही जुळली तरी चालते. परंतु हे उदाहरण आपल्याकडे सोडविताना एक गंमत होते. आमच्या पिढीतील माणसांच्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख कितीदा आढळते हे वाचकांनी आपल्याच घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून पाहावे. मूल शाळेत घालावयास आणले, आईस तिथी आठवते ती ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ अशी, साल आठवत नाही. आणि शाळा जूनमध्ये उघडावयाची. गुरुजी मुलाकडे एकवार पाहून वयात बसेल असे साल ठरवीत आणि त्याच्यामागे १ जून जोडून देत. अशा वर्गात दोघांचा जन्मदिवस जुळण्यास तेवीस माणसे कशाला हवीत, पाच-सात पुरत. सर्व दिवस सारख्याच संभवाचे, हे गृहीतच तेथे कोसळते. हा दोष गणिताचा नव्हे. गणित इतकेच म्हणते, की आधी गृहीत पाहा आणि मग मला हाक मारा.

येथवर सारे खेळीमेळीचे चालले होते. एके दिवशी शेजारच्या ओळीतील एक गृहस्थ मुलास न्यावयास आले आणि ओसरीवर टेकले. त्यांच्या धाकट्या भावाच्या घरी पहिल्या मुलास सिकलसेलचा आजार निघाला होता. गडचिरोली आणि चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत हा रक्ताचा आजार पुष्कळ आढळतो. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि सांध्यांत व पोटात अशा कळा येतात की लहान मूल रात्ररात्र तळमळते. आईबाप दोघेही त्याचे वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट पण दोष बाळगून असतील, तर त्यांच्या मुलास आजार होण्याची संभाव्यता १/४, नुसते वाहक होण्याची १/२ आणि दोहोंपासून मोकळे असण्याची १/४. हे त्या घरी कोणी तरी सांगितले होते. सांगणाऱ्याने ‘चारांत एक’ एवढेच म्हटले असावे. त्यावरून घरच्यांनी काढलेला अर्थ ते गृहस्थ समाधानाने आम्हांस सांगत होते: “चारांतला एक झाला न जी. आता पुढचे तिघे चांगलेच निघतील.”

ह्या एका वाक्यात चेंडू परत ठेवण्या-न ठेवण्याचे सारे प्रकरण साठविलेले आहे. त्या घराने निसर्गाच्या हाती एक थैली कल्पिली होती. तिच्यात चार चेंडू, एक दुखण्याचा व तीन सुखाचे. दुखण्याचा एकदा निघाला, तो परत कशाला ठेवावा? परंतु निसर्ग प्रत्येक वेळी चेंडू परत ठेवतो आणि थैली पुन्हा हलवितो. पहिल्या मुलाचे काय झाले हे दुसऱ्या मुलास ठाऊक नसते. त्याच्यापुढेही १/४ तसाच उभा असतो. आम्ही हे त्या गृहस्थांस तेथे मुलांसमोर सांगितले नाही. त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत जाऊन सांगितले, आणि दुसरे मूल होऊ देण्यापूर्वी दोघांनी डॉक्टरांस भेटावे असे विनविले. ते काही वेळ गप्प उभे राहिले. मग त्यांनी विचारले, की “मग चारांत एक म्हणतात ते कशाले?” प्रश्न रास्त होता. दोन्ही वाहक असलेली अशी पुष्कळ जोडपी घेतली, तर त्यांच्या सर्व मुलांत मिळून चौथा हिस्सा आजारी निघेल, असा त्याचा अर्थ. एकेका घरापुरते पाहिले तर चार मुलांत बरोबर एकच आजारी निघण्याची संभाव्यता २७/६४, म्हणजे निम्म्याहूनही कमी. चारांपैकी एकही आजारी न निघण्याची ८१/२५६, म्हणजे सुमारे तिसरा हिस्सा. राहिलेल्या घरांत दोन, तीन, क्वचित चारही. ‘चारांत एक’ हे वाक्य खरे आहे, पण ते कोणत्याही एका घराविषयी नाही.

ह्याच विषयावरील दुसरे उदाहरण आम्ही पुढे मुलांस घातले. घरातील माणसांचा उल्लेख न करता. आजारी मुलाची बहीण निरोगी आहे; ती वाहक असण्याची संभाव्यता किती? बहुतेकांनी १/२ लिहिले. एका मुलीने, जिचा पुढेही उल्लेख येणार आहे, बराच वेळ घेऊन २/३ लिहिले. आणि तेच बरोबर. बहीण आजारी नाही हे आपणांस ठाऊक झाले आहे, म्हणून चारांपैकी एक शक्यता कायमची गेली. राहिल्या तीन, त्यांतील दोन वाहकाच्या. माहिती आली की भाजक बदलतो. आणि त्या बहिणीने आपल्या रक्ताची तपासणी करून घेतली म्हणजे तर अपूर्णांकच उरत नाही. ती वाहक आहे किंवा नाही, दोहोंपैकी एक निश्चित होते. लग्ने ठरविताना आपल्या समाजात पत्रिकेतील छत्तीस गुण पाहिले जातात. आमच्या ह्या दोन जिल्ह्यांत रक्ताच्या तपासणीचा एक कागद त्या पत्रिकेस टाचला, तर ते गुण छत्तिसांचे सदतीस झाले असे समजण्यास आमची हरकत नाही.

न दिसणाऱ्याचा हिशेब दिसणाऱ्यावरून करण्याची विद्या मात्र ह्या प्रांताशी पूर्वीपासून निगडित आहे. महाभारतातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा अयोध्येहून कुंडिनपुरास, म्हणजे विदर्भातच, निघालेला असतो; वेष पालटलेला नल त्याचा सारथी. वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण त्याच्याकडे पाहून सांगतो, की ह्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आहेत आणि फळे दोन हजार पंचाण्णव. नलास हे पटत नाही. तो रथ थांबवून झाड पाडतो आणि फळे मोजतो, तो संख्या बरोबर! तेव्हा ऋतुपर्ण म्हणतो, की मला फाशांचे रहस्य अवगत आहे आणि संख्येतही मी निपुण आहे. फासे आणि मोजणी ह्यांची सांगड कथाकाराने सहज घातली आहे, आणि ती बेहड्याच्या झाडाखाली घातली आहे, कारण प्राचीन काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत. बेहडा आमच्या रानांत अजूनही भरपूर आहे; आता तो त्रिफळा चूर्णात जातो. आणि ते कुंडिनपूर जेथे होते असे मानतात ते अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर ज्या वर्धेच्या काठी आहे, तीच वर्धा पुढे घुग्घुसावरून वाहते.

ऋतुपर्णाची विद्या आम्हांस नाही. आमच्याकडे शेतीचे पीक नजरेने अजमावण्याची चाल होती. तिला आणेवारी म्हणत, नाणी बदलल्यावर पैसेवारी म्हणू लागले. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, ह्यावर दुष्काळ ठरावयाचा आणि सवलती मिळावयाच्या. तेव्हा पाहणाऱ्याची नजर कोणाकडे झुकलेली आहे, ह्याला पिकापेक्षा अधिक महत्त्व येई. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे ह्यांनी नजरेच्या जागी चिठ्ठी आणली. शेते चिठ्ठीने निवडावयाची, शेतातील जागाही चिठ्ठीनेच, ठराविक मापाचा तुकडा आखून त्यातील पीक कापावयाचे आणि तोलावयाचे. शेतकऱ्यास किंवा अधिकाऱ्यास आवडेल तो तुकडा नव्हे. थैली नीट हलवून चेंडू काढणे ते हेच. ह्या दोघांनी मिळून लिहिलेला सांख्यिकीचा ग्रंथ १९५४ साली निघाला आणि देशभर शेतीच्या अभ्यासकांनी तो वापरला.

ताडोब्याच्या वाघिणींची मोजणीही अशाच युक्तीने होते. रानात ठेवलेले कॅमेरे त्यांची छायाचित्रे घेतात, आणि पट्टे कोणाही दोघींचे सारखे नसतात. समजा, पहिल्या फेरीत वीस निरनिराळे वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीतही वीस, आणि त्यांतील दहा पहिल्या फेरीत येऊन गेलेले. म्हणजे दुसऱ्यांदा दिसलेल्यांपैकी निम्मेच ओळखीचे; तर मग एकंदर वाघांपैकीही सुमारे निम्मेच आपण पहिल्यांदा पाहिले असतील, आणि रानात वाघ चाळीसच्या आसपास असतील. खरी गणना ह्याहून पुष्कळ गुंतागुंतीची असते. पण तिचा कणा हा आहे, आणि तो दहावीच्या मुलास समजतो.

आता जे उदाहरण आमच्याच्याने सुटले नाही त्याविषयी लिहावयाचे. २०२२ सालच्या ऑगस्टात घुग्घुसच्या आमराई वॉर्डातील एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गेले. घरातील माणसे धोका ओळखून आधीच बाहेर पडल्यामुळे वाचली. जेथे घर होते तेथे खोल खड्डा राहिला, आणि आसपासच्या कुटुंबांस आपले बिऱ्हाड हलवावे लागले. खाली जुनी भूमिगत खाण होती. पूर्वीच्या खाणींतून कोळसा काढीत तो आडव्या-उभ्या बोळांनी, मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब राखून. वरचे छत त्या खांबांवर तोललेले. पुढे कोठे खांबही काढून घेत, कोठे पोकळीत रेती भरीत, कोठे तिच्यात पाणी साचे. वर गाव वाढत राहिले. ही गोष्ट मुलांनी ऐकलेली नव्हे, पाहिलेली आहे. तेव्हा संभाव्यतेचे प्रकरण संपत आले असता त्या मुलीने, जिने २/३ लिहिले होते तिने, वही मिटून विचारले: “काका, आमचं घर खचण्याची संभाव्यता किती?”

एक मुलगा चटकन म्हणाला, “निम्मी. खचेल, नाही तर नाही खचणार.” सगळी हसली. दालांबेरची चूक ती हीच, फक्त तिने येथे घुग्घुसचे कपडे घातले होते. मुलीचे आजोबा तिला न्यावयास येऊन पायरीवर बसले होते. त्यांची तीसएक वर्षे जमिनीखाली गेलेली. ते हसले नाहीत. “निम्मी असती तर मी एवढी वर्षं खाली उतरलोच नसतो जी,” ते म्हणाले. मग त्यांनी आपण होऊन सांगितले, की खाली गेल्यावर आधी छत ठोकून पाहावयाचे असते. लोखंडी कांबीने ठोकावे आणि कान द्यावा. भरीव आवाज आला तर बरे, पोकळ आला तर त्याखाली उभे राहू नये. कोणत्या आवाजाला किती वेळ हे पुस्तकात नसते. ते कानात भरत जाते. “पण ते खालून,” ते म्हणाले. “वरून ठोकून काय कळते?”

आम्ही मुलीस सांगितले, की थैलीच्या उदाहरणात आत किती चेंडू आहेत हे आधी सांगितलेले असते. नमुना अवकाश पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत छापलेला असतो. ह्या उदाहरणात तो जमिनीखाली आहे. एक घर खचले म्हणून भाजकात गावातील सारी घरे घ्यावी, की केवळ जुन्या खाणीवरची? घरे खाणीवर कोणकोणती आहेत? सर्व सारख्याच संभवाची तर नाहीतच. खांब जेथे राखले तेथले घर आणि खांब जेथे काढले तेथले घर ह्यांस एका थैलीत घालणे म्हणजे १ जूनचा हजेरीपट घेऊन जन्मदिवसाचे उदाहरण सोडविणे. आणि रक्ताच्या तपासणीप्रमाणे येथेही एका कागदाने अपूर्णांकाचे रूप पार पालटू शकते. तो कागद म्हणजे जुन्या खाणीचा नकाशा. खाणीचे नकाशे काढून ठेवावे लागतात. तेव्हा कोठे तरी तो असावयास हवा.

मुलीने हे सारे ऐकून घेतले. पण तिला अपूर्णांक हवा होता आणि तो आम्ही दिला नाही, हे तिच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होते. दुसऱ्या दिवशी तिने वही आमच्यापुढे ठेवली. प्रकरणातील शेवटच्या उदाहरणानंतर तिने स्वतःचे उदाहरण नवा क्रमांक घालून लिहिले होते, आणि त्याखाली, परीक्षेत लिहितात तसे, ‘दिलेली माहिती अपुरी आहे’. तेवढ्यावर ती थांबली नव्हती. कोणती माहिती हवी ते तिने खाली मांडले होते: आमच्या ओळीखाली बोळ आहे काय, असल्यास किती खोल, खांब राखले आहेत की काढले, रेती भरली आहे काय, पावसाळ्यात पाणी कोठवर चढते, भिंतीला तडा केव्हा गेला आणि तेव्हापासून तो किती वाढला. तड्याच्या दोन्ही टोकांशी आजोबांनी पेन्सिलीने तारीख घातली आहे, हेही तिने नमूद केले होते. शेवटची ओळ अशी: नकाशा कोणाकडे मागावयाचा? तिच्यापुढे उत्तरासाठी तिने अर्धे पान कोरे सोडले आहे.